क्ष-किरणांच्या खोलीतील माणसे

आज बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक मोठे, चपटे पाकीट आढळेल. त्यात एक काळसर फिल्म असते आणि अहवालाचे एक-दोन कागद असतात. २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत अशी पाकिटे काखोटीला मारून दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारी माणसे गावोगावी दिसत होती. ती फिल्म आपल्या फुप्फुसांची, एवढे आपणांस ठाऊक असते. परंतु ते चित्र काढले कोणी, वाचले कोणी, आणि काढता-वाचताना त्या माणसांवर काय गुजरले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

माझ्या मनात तो आला, तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. सीमाभागातील आमच्या शाळेतून तो शिकून गेला आणि पुढे एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ झाला. साथ ओसरल्यावर एके दिवशी तो मला भेटावयास आला. बोलता बोलता म्हणाला, “सर, त्या दिवसांत पी.पी.ई. किटचा उकाडा सोसला, शिशाच्या एप्रनचे ओझेही सोसले. पण यंत्रावरून उतरताना पेशंट विचारायचा, ‘सगळं ठीक आहे ना?’ मला तर पडद्यावर दिसलेले असायचे की, ठीक नाही. ते सांगण्याचा मला अधिकार नाही. मी म्हणायचो, ‘डॉक्टर सांगतील.’ दिवसातून पन्नास वेळा हेच म्हणायचो. ते मात्र जड गेले.”

मी शाळामास्तर, वैद्यकात माझा अधिकार नाही. परंतु त्याच्या त्या बोलण्यामुळे या विषयाविषयी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथम या खोलीत कोण कोण असते ते पाहू. आपण सरसकट ‘एक्स-रेवाले’ म्हणतो; वस्तुतः तेथे दोन निरनिराळे व्यवसाय एकत्र नांदत असतात. पहिला तंत्रज्ञाचा. रोग्याला यंत्रावर नीट निजविणे, किरणांची मात्रा ठरविणे, श्वास रोखून धरावयास सांगणे आणि चित्र घेणे, हे त्याचे काम. दुसरा रेडिओलॉजिस्टचा, म्हणजे क्ष-किरणतज्ज्ञाचा. हा डॉक्टर असतो, एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढे काही वर्षे त्याने याच विषयाचा अभ्यास केलेला असतो. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून तो चित्र वाचतो आणि अहवाल लिहितो. रोगी त्याला क्वचितच पाहतो. किंबहुना आपले चित्र एखाद्या माणसाने डोळे ताणून वाचले आहे, याची पुष्कळांना कल्पनाही नसते.

हे चित्र म्हणजे मूलतः एक सावली होय. वर्गात मुलांना समजावून सांगताना मी दिव्यासमोर हात धरतो आणि भिंतीवरची सावली दाखवितो. उजेड हातातून आरपार जात नाही. क्ष-किरण जातात, परंतु सगळीकडून सारखे जात नाहीत. हाड त्यांना पुष्कळ अडविते म्हणून ते पांढरे दिसते. फुप्फुसातील हवा मुळीच अडवीत नाही म्हणून फुप्फुस काळे दिसते. सी.टी. स्कॅनमध्ये किरणांची नळी रोग्याभोवती फिरते आणि संगणक त्या असंख्य सावल्यांवरून शरीराचे पातळ काप पाडल्यासारखी चित्रे जुळवितो. पावाचे काप करून एकेक काप निरखावा, तसा हा प्रकार आहे. छातीच्या एका तपासणीत अशी शेकडो चित्रे निघतात. करोनाच्या रोगात फुप्फुसातील हवेच्या कोशांना सूज येऊन काळ्या जागी घासलेल्या काचेसारखे धूसर पट्टे दिसू लागतात. ते शोधणे, आणि ते याच रोगाचे की दुसऱ्या कशाचे हे ठरविणे, हे क्ष-किरणतज्ज्ञाचे काम.

साथीच्या अगदी आरंभीच या चित्राला अपूर्व महत्त्व आले. चीनच्या हुबेई प्रांतात, जेथे वूहान शहर आहे, तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये घशातील स्रावाच्या तपासण्या पुऱ्या पडेनात, तेव्हा लक्षणे आणि सी.टी. स्कॅन यांवरून रोगी ठरविण्यास मुभा देण्यात आली. त्या बदलासरशी एका दिवसाच्या नोंदीत १४,००० हून अधिक नवे रोगी दिसले. जगभर असा समज पसरला की, यंत्रात निजविले की रोग कळतो.

हा समज अर्धवट होता. अमेरिकेतील आणि इंग्लंडातील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थांनी मार्च २०२० मध्येच बजावले होते की, रोग आहे की नाही हे पाहण्याची पहिली तपासणी म्हणून सी.टी. स्कॅन वापरू नये. कारणही सोपे आहे. चीनमधील १२१ रोग्यांच्या एका अभ्यासात, लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या दोन दिवसांत ज्यांचे स्कॅन झाले, त्यांतील निम्म्याहून अधिक रोग्यांच्या चित्रांत काहीही विकार आढळला नव्हता. म्हणजे चित्र स्वच्छ आले म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नव्हते. उलट धूसर पट्टे दिसले तरी ते दुसऱ्या एखाद्या विषाणूचेही असू शकत होते.

तरीही आपल्याकडे दुसऱ्या लाटेत स्कॅनच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या. आर.टी.-पी.सी.आर. तपासणीचा अहवाल येण्यास कोठे कोठे तीन-चार दिवस लागत. रुग्णालयात खाट हवी तर काहीतरी पुरावा हवा. आणि घरोघरी भय दाटलेले. अशा वेळी तासा-दोन तासांत हाती पडणारे चित्र लोकांस आधार वाटले, यात नवल नाही. महाराष्ट्र सरकारला तर सप्टेंबर २०२० मध्येच छातीच्या या तपासणीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधून द्यावे लागले होते. मागणी किती होती, हे यावरून दिसते.

याच सुमारास ‘स्कोअर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन, असे पाच भाग असतात. प्रत्येक भाग किती व्यापला आहे, त्याप्रमाणे शून्य ते पाच गुण द्यावयाचे आणि बेरीज पंचवीसपैकी करावयाची, अशी ही पद्धत. “तुमचा किती आला?” “माझा आठ, धाकट्याचा अकरा.” हे संवाद ऐकताना मला निकालाच्या दिवशीचे शाळेचे आवार आठवे. गुण हे मापन असते, भविष्य नसते, हे आम्ही शिक्षक पालकांना सांगून दमतो. येथेही तेच झाले. त्याच रोग्याच्या रक्तात प्राणवायू किती आहे, त्याचे वय काय, मधुमेह आहे काय, हे सारे बाजूला राहिले आणि एका आकड्यावर माणसे हसू-रडू लागली. तो आकडा लिहिणाऱ्याच्या मनावर याचा काय भार पडला असेल, याचा विचार करा. एरवी ज्याचे अहवाल केवळ डॉक्टरच वाचीत, त्याचे अहवाल आता मोबाइलवरून साऱ्या नातलगांत फिरू लागले, आणि मध्यरात्री “सात म्हणजे भिण्यासारखे आहे का?” असे विचारणारे फोन त्याला येऊ लागले.

आता तंत्रज्ञाचा दिवस कसा जाई ते पाहू. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी आपण सर्वांनी दारात उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्या वेळी आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर आणि परिचारिका होत्या. तंत्रज्ञ फारसा कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. परंतु संशयित रोग्याच्या अगदी जवळ जाणाऱ्या पहिल्या काही माणसांत तो होता. रोग्याच्या पाठीखाली हात घालून त्याला उचलावे लागते. खांदे सरळ करावे लागतात. तोंड त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर येते. “श्वास घ्या, रोखून धरा” असे सांगावे, तर ज्याला श्वासच पुरत नाही तो रोखणार कसा? तो खोकतो, चित्र हलते, आणि पुन्हा सारे पहिल्यापासून करावे लागते.

अतिदक्षता विभागातील रोग्याला हलविता येत नाही. म्हणून चाकांचे यंत्रच त्याच्याकडे न्यावे लागते. तेथे किरणांपासून रक्षण व्हावे म्हणून कित्येक किलो वजनाचा शिशाचा एप्रन, आणि विषाणूपासून रक्षण व्हावे म्हणून नखशिखान्त पी.पी.ई. किट, असा दुहेरी पोशाख करून मे महिन्याच्या उन्हाळ्यात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जावयाचे. ज्या फलकावर चित्र उमटते तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रोग्याच्या पाठीखाली सरकवावयाचा. जेथे माणसे पुरेशी होती तेथे दोघे मिळून हे काम करीत; एक केवळ रोग्याला स्पर्श करी आणि दुसरा केवळ यंत्राला. काही देशांतील रुग्णालयांनी तर यंत्र खोलीबाहेरच ठेवून दाराच्या काचेतून किरण सोडण्याची युक्ती काढली.

एका रोग्याचे स्कॅन झाले की टेबल, पट्टे, यंत्राचे वर्तुळ, दाराची मूठ हे सारे पुसून काढावयाचे, आणि खोलीतील हवा बदलेपर्यंत थांबावयाचे. हवा खेळती राहण्याची सोय कशी आहे, यावर हा वेळ अवलंबून असतो. कधी कधी तो तासाभराचाही होतो. पुस्तकातील नियम असा. परंतु बाहेर चाळीस माणसे धापा टाकीत बसली असताना आत तासभर थांबावयाचे, की नियमाला मुरड घालावयाची? दोन्हींत मनाला टोचणी होतीच. आणि पाळी संपल्यावर घरी जावे, तर घरी म्हातारे आई-वडील आणि लहान मुले. माझा विद्यार्थी दोन महिने माडीवरच्या खोलीत एकटा राहिला. ताट जिन्यावर ठेवले जाई.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची अडचण आणखी निराळी. गरोदर स्त्रीची तपासणी साथ संपेपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही. गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे आपल्याकडे ही तपासणी नोंदणी झालेल्या डॉक्टरनेच करावी लागते. तंत्रज्ञाकडे सोपवून दूर बसता येत नाही. मंद उजेडाच्या बंद खोलीत, रोग्याच्या शेजारी, कधी पंधरा तर कधी वीस मिनिटे बसल्यावाचून हे काम होतच नाही.

श्रोतेहो, या चित्राला एक दुसरी बाजूही आहे. छातीच्या चित्रांचा महापूर येत असताना इतर चित्रे मात्र आटली होती. टाळेबंदीत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयसमूहातील सर्व प्रकारची चित्रणे एप्रिल २०२० मध्ये निम्म्याहून अधिक घटली. स्तनांच्या कर्करोगासाठी केली जाणारी तपासणी तर जवळजवळ थांबलीच. आपल्याकडेही २०२० च्या उन्हाळ्यात अनेक खासगी केंद्रे ओस पडली. यंत्रांचे हप्ते चालू, येणारे रोगी थोडे आणि नोकरांचे पगार द्यावयाचे, अशा पेचात त्यांचे चालक सापडले. म्हणजे याच व्यवसायातील एक माणूस कामाखाली दबला होता, तर दुसरा काम नाही म्हणून काळजीत होता. आणि कित्येकांनी एकाच वर्षात या दोन्ही अवस्था भोगल्या.

न काढलेल्या चित्रांची किंमत तर रोग्यांनी मोजली. क्षयरोग हुडकण्यात छातीच्या एक्स-रेचा मोठा वाटा असतो. भारतात २०१९ मध्ये क्षयाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या सुमारे १८ लाखांवर आली. क्षय काही कमी झाला नव्हता; माणसे तपासणीलाच येऊ शकली नव्हती. पुढे ती उशिरा आली, तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञाला वाढलेला रोग पाहावा लागला आणि “हे सहा महिने आधी दिसले असते तर” हा विचारही सोसावा लागला.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्र, गुजरात आणि इतर राज्यांत डोके वर काढले. करोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या रोग्यांच्या नाकाशेजारच्या पोकळ्यांत आणि डोळ्यांपर्यंत ही बुरशी पसरे. ती कोठवर गेली आहे, डोळा वाचेल की काढावा लागेल, हे ठरविण्यास पुन्हा सी.टी. आणि एम.आर.आय. यांच्याच चित्रांचा आधार. एक पूर ओसरतो न ओसरतो तोच दुसरा आला.

अशा वेळी पाहणाऱ्या डोळ्याचे काय होते? पडद्यावरील शेकडो काप एकामागून एक सरकत असतात. पहिल्या दहा रोग्यांचे पाहताना जी नजर असते, ती साठाव्या रोग्याच्या वेळी तशीच राहत नाही. भीती अशी असते की, फुप्फुसातील धूसर पट्टे मोजण्याच्या नादात कोपऱ्यातील एखादी बारीक गाठ नजरेतून निसटेल. शेकडो वह्या तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांना या थकव्याची थोडी कल्पना आहे. फरक इतकाच की, आमची चूक गुणपत्रिकेवर पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, कामातून येणाऱ्या या अवस्थेची आपल्या रोगवर्गीकरणात दखल घेतली होती. रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती सरल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटू लागणे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, समईतील तेल संपले की वातच जळू लागते. दुरून पाहणाऱ्याला दिवा अजून तेवताना दिसतो.

यात एकटेपणाची भर पडली. एरवी शस्त्रवैद्य, छातीचे डॉक्टर क्ष-किरणतज्ज्ञाच्या खोलीत येत, चित्रासमोर उभे राहून दोन शब्द बोलत, आणि त्या बोलण्यातून निदान पक्के होई. साथीत हे येणे-जाणे बंद झाले. ज्यांच्याकडे सोय होती त्यांनी घरीच पडदे मांडून चित्रे वाचली. संसर्ग टळला, परंतु सोबतही तुटली. शिकाऊ डॉक्टरांचे तर मोठेच नुकसान झाले. गुरूच्या खांद्यावरून चित्र पाहत शिकण्याची ही विद्या, आणि तेथे खांद्याला खांदा लावण्याचीच बंदी. आणि कधी तरी पडद्यावरच्या चित्राखालचे नाव ओळखीचे निघे. काल बरोबर चहा घेतलेल्या सहकाऱ्याचे.

अशा शिणलेल्या माणसांना वादालाही तोंड द्यावे लागले. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात स्कॅन करू नका, एक स्कॅन म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, असा इशारा दिला. क्ष-किरणतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने त्यावर हरकत घेतली. आधुनिक यंत्रांत अल्प मात्रेने केलेले स्कॅन ५ ते १० एक्स-रेंइतकेच असते, असे तिचे म्हणणे होते. मात्रा ही यंत्रावर आणि ते चालविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, म्हणून हे आकडे इतके दूर दूर पडतात. परंतु मुळातला सल्ला, म्हणजे गरज नसता स्कॅन करू नये, हा दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखाच होता. या गदारोळात सामान्य तंत्रज्ञाला मात्र रोग्यांच्या दोन तऱ्हा एकाच दिवशी भेटत: एक म्हणे, “मला काही होत नाही, तरी काढाच”, दुसऱ्याला खरोखर गरज असे, आणि तो म्हणे, “मला कॅन्सर होईल, मी काढणार नाही.”

या व्यवसायाला धोका नवा नाही. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रंटगेन यांना जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लागला, त्यानंतरच्या पहिल्या वर्षांत हे किरण किती घातक असतात हे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. यंत्र नीट चालते की नाही, हे पाहण्यासाठी कित्येक जण रोज सकाळी स्वतःचाच हात त्यासमोर धरीत. त्यांची बोटे झडली, हात कापावे लागले, पुष्कळांचे प्राण गेले. हॅम्बुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली या लोकांचे स्मारक उभारले गेले. निरनिराळ्या देशांतील दीडशेहून अधिक नावे त्यावर तेव्हाच कोरलेली होती. त्यांच्या मरणातून शिशाचे एप्रन, जाड भिंती आणि मात्रेचे नियम आले. त्या वेळी धोका किरणांत होता. या वेळी तो रोग्याच्या श्वासात आला. धडा मात्र एकच: काम करणाऱ्याच्या जिवाची सोय आधी लावून ठेवावी लागते, संकट आल्यावर ती सुचत नाही.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती येण्यापूर्वी काय करावे हे सांगता येते. रुग्णालयांनी साथीच्या रोग्यांसाठी निराळे यंत्र किंवा निराळी वेळ ठरवून ठेवावी. एकाच माणसाला रोज धोक्याच्या पाळीवर न पाठविता पाळ्या फिरवाव्या. किती चित्रे वाचल्यावर डोळ्याला विश्रांती द्यावयाची, याची मर्यादा आखावी. आणि तंत्रज्ञाला मन मोकळे करावयास एखादी जागा असावी. ‘डॉक्टर सांगतील’ असे दिवसभर म्हणणाऱ्याचेही कोणी तरी ऐकावे.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट राहते, आणि ती आपल्याच हातची आहे. डॉक्टरने सांगितल्यावाचून चित्राचा हट्ट धरू नये; सांगितले तर भिऊन टाळू नये. मागितलेले प्रत्येक अनावश्यक चित्र हे रांगेतील खऱ्या रोग्याची वेळ घेते आणि पाहणाऱ्या डोळ्याचे तेल जाळते. चित्र यंत्र काढीत असले तरी ते पाहतो माणूसच.

माझा विद्यार्थी निघताना मी त्याला विचारले, “मग आता तुला या कामाचा कंटाळा नाही ना आला?” तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “नाही सर. मध्यंतरी एक बाई आल्या होत्या. साथीत त्यांचे स्कॅन मीच केले होते. चेहरा त्यांना आठवत नव्हता. किटमध्ये चेहरा दिसतो कुठे? पण आवाजावरून ओळखले. म्हणाल्या, ‘श्वास रोखून धरा, असे तुम्हीच म्हणाला होतात ना?’”